अणुभट्टीच्या नळीला कल्हई

गेल्या वैशाखांत मालवणास आमच्या घरीं मुंज होती. त्या निमित्तानें माळ्यावरचीं जुनीं पितळेचीं पातेलीं खालीं निघालीं, आणि तीं पंक्तीस काढण्यापूर्वीं त्यांना कल्हई करून घ्यावी असें माजघरांत ठरलें. हल्लींच्या स्टीलच्या राज्यांत कल्हईवाला सहजासहजीं मिळत नाहीं. तरी शोधाअंतीं एक सांपडला. त्यानें परसांत खड्डा खणून भाता लावला, पातेलें तापवलें, नवसागराची चिमूट टाकून कथिलाची कांडी आंतून फिरविली आणि कापसाच्या बोळ्यानें ती सर्वत्र सारवली. घरांतील लहानथोर मंडळी पांढऱ्या धुरांत खोकत खोकत तें चकाकणारें पातेलें पाहत उभीं होतीं. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "एके वर्षीं कल्हई गेलेल्या पातेल्यांत आमसुलाचें सार केलें नि सगळें कळकलें. पन्नास पानांचें सार परसांत ओतावें लागलें!"

तेथेंच आमचा एक पुतण्या उभा होता. तो वीजनिर्मितीच्या धंद्यांतला एंजिनीयर. तो म्हणाला, "आत्या, तुम्हांला गंमत वाटेल, पण अणुभट्टीच्या इंधनालाही आतां हीच कल्हई करूं लागले आहेत. कथिलाऐवजीं क्रोमियमची, एवढाच फरक."

ओटीवर विजयदुर्गाकडचे आमचे एक वृद्ध आप्त बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. गिर्ये-विजयदुर्गाच्या बाजूला त्यांच्या हापुसाच्या बागा आहेत. त्यांनीं सुपारी कातरतां कातरतां मान वर केली. "अरे, पातेलें कळकलें तर सार ओततां येतें. माडबन कळकलें तर काय ओतणार, आणि कोठें?"

त्या दिवशीं पंक्ति उठेपर्यंत हा वाद चालला. आम्हांस पुतण्याचें बोलणें पोकळ वाटलें नाहीं, आणि दादांचा प्रश्नही अडाणी वाटला नाहीं. म्हणून मुंज आटोपल्यावर आम्हीं त्या विषयाचा शक्य तितका शोध घेतला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विजयदुर्गाच्या खाडीपलीकडे उत्तरेस, अवघ्या कांहीं किलोमीटरांवर, माडबनचें कातळी पठार आहे. तेथें फ्रान्सच्या धर्तीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅट शक्तीच्या, उभारावयाच्या असें योजिलें आहे. कागदोपत्रीं ती जागा रत्नागिरी जिल्ह्यांत पडते व योजनेस नांव जैतापूरचें. परंतु वारा आणि समुद्र यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते, हें देवगड तालुक्यांतील कोणीही सांगेल. डिसेंबर २०१० मध्यें फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीच्या वेळीं करार झाले. तीन महिने होतात न होतात तों ११ मार्च २०११ रोजीं जपानांतील फुकुशिमा येथें अनर्थ घडला, आणि त्याच वर्षीं एप्रिलांत जैतापूरच्या परिसरांत आंदोलनाच्या वेळीं झालेल्या गोळीबारांत एक माणूस प्राणास मुकला. पुढें २०१८ सालीं नवा करार झाला, २०२१ च्या एप्रिलांत ईडीएफ ह्या फ्रेंच कंपनीनें आपला सविस्तर प्रस्ताव दिला; भट्ट्या मात्र अद्याप उभ्या राहिल्या नाहींत. दक्षिणेकडे पाहावें तर कारवारजवळ कैगा येथें चार भट्ट्या २००० सालापासून क्रमानें सुरू झालेल्या आहेत. म्हणजे आमचा सिंधुदुर्ग जिल्हा एका चालत्या अणुकेंद्राच्या व दुसऱ्या योजिलेल्या अणुकेंद्राच्या मध्यें वसला आहे. तेव्हां हा विषय 'आपल्याला काय त्याचें' म्हणून सोडून देण्याजोगा खचित नाहीं.

आतां भट्टीच्या पोटांत काय असतें तें पाहूं. युरेनियमच्या ऑक्साइडची पूड दाबून व भाजून तिच्या लहान वड्या करतात. जाडी करंगळीहून कमी, सुमारें आठ मिलिमीटर. अशा शेंकडों वड्या एकावर एक रचून एका लांब, बारीक नळींत भरतात. नळी झिर्कोनियम धातूच्या मिश्रणाची असते. तिची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. माडबनला योजिलेल्या एकेका भट्टींत अशा २६५ नळ्यांची एक जुडी व २४१ जुड्या, म्हणजे एकंदर ६३,८६५ नळ्या असतात. ह्या नळ्यांभोंवतीं पाणी खेळतें. वड्यांतील युरेनियमचा अणु फुटून जी उष्णता होते ती हें पाणी वाहून नेतें. पाणी आंत शिरूं नये व आंतील किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर येऊं नये, एवढें काम ती पातळ नळी करते. सगळी मदार तिच्यावर.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वड्या व नळी यांमध्यें जी बारीक फट राहते तिच्यांत हेलियम वायु भरतात, कारण तो उष्णता चांगली वाहून नेतो आणि कशाशींही संयोग पावत नाहीं. हा हेलियम पृथ्वीवर सांपडण्याआधीं सूर्यावर सांपडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंटूर येथून सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. आणि इंग्रज ज्योतिषी लॉकियर यांनीं सूर्यप्रकाशांतील एका पिवळ्या रेषेवरून ह्या नव्या मूलद्रव्याचें अस्तित्व ताडलें. तेंच ग्रहण विजयदुर्गावरूनही पाहिलें गेलें असें तेथील मंडळी अभिमानानें सांगतात व गडावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवितात. दादा त्या ओट्यांवर लहानपणीं खेळले आहेत. तोच हेलियम उद्यां खाडीपलीकडे नळ्यांत कोंडला जाणार, हें ऐकून ते जरा वेळ गप्प बसले होते.

झिर्कोनियमच कां, तर न्यूट्रॉन नांवाचे जे कण अणु फोडीत जातात ते हा धातु फारसे गिळत नाहीं. लोखंड पुष्कळ गिळतें. शिवाय तीनशें अंशांच्या पाण्यांत वर्षानुवर्षें राहूनही झिर्कोनियम विशेष गंजत नाहीं. रोजच्या संसाराला असा सोशीक धातु दुसरा नाहीं. परंतु तापला कीं त्याचा स्वभाव पालटतो.

वाचकांनीं चुलीचा अनुभव आठवावा. लांकडें ओढून घेतलीं, ज्वाळा विझली, तरी राखेखालचा विस्तव कितीतरी वेळ दूध ऊन ठेवतो. अणुभट्टीचेंही तसेंच. साखळी बंद केल्याक्षणीं अणु फुटणें थांबतें. पण फुटलेल्या अणूंचे जे अवशेष वड्यांत सांठलेले असतात ते आपलेआप उष्णता देत राहतात. चुलीवर पाणी शिंपडलें तर विस्तव विझतो. हा विस्तव पाण्यानेंही विझत नाहीं. तो निवेपर्यंत त्याला पाण्याखालीं ठेवणें एवढेंच माणसाच्या हातीं असतें. बंद केल्याच्या क्षणीं ही उष्णता मूळच्या सहा-सात टक्के असते. माडबनच्या एका भट्टीची मूळ उष्णताशक्ति ४,५०० मेगावॅटांच्या पुढें जाते. तिचे सहा टक्के म्हणजे पावणेतीनशें मेगावॅट. एक दिवस लोटला तरी अर्धा टक्का उरतो, आणि तो अर्धा टक्का तासाला सुमारें तीस टन पाण्याची वाफ करण्यास पुरेसा आहे. हा हिशेब आम्हीं पुतण्याकडून दोनदां तपासून घेतला.

पाण्याचे पंप विजेवर चालतात. फुकुशिमास भूकंपानें बाहेरची वीज गेली व लाटेनें आवारांतलीं डीझेल यंत्रें बुडविलीं. पाणी आटलें, नळ्या उघड्या पडल्या, तापल्या. सुमारें बाराशें अंशांपुढें झिर्कोनियम वाफेवर तुटून पडतो, तिच्यांतील ऑक्सिजन खेंचून घेतो व हायड्रोजन मोकळा सोडतो. आणि ह्या संयोगांत स्वतःच इतकी उष्णता निर्माण करतो कीं आग आगीला पोसते. एक किलो झिर्कोनियमपासून सुमारें ४४ ग्रॅम, म्हणजे पांचशें लिटरांच्या घरांत हायड्रोजन निघतो. आमच्या ढोबळ अंदाजानें माडबनच्या एका भट्टीच्या नळ्यांत असा धातु तीस टनांच्या आसपास असेल. त्यावरून वाचकांनींच गुणाकार करावा. फुकुशिमाच्या इमारतींचीं छपरें उडालीं तीं ह्या हायड्रोजनानें; अणुबाँबसारखा स्फोट तेथें झाला नव्हता. अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथें २८ मार्च १९७९ रोजीं जें झालें त्याचेंही मूळ हेंच होतें. तेथें भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला. जपानांत दीड लाखांहून अधिक माणसांना घरेंदारें सोडावीं लागलीं, आणि त्या हालअपेष्टांत कित्येक वृद्ध दगावले. आमच्याकडे अनेक घरांत आतां म्हातारीं माणसेंच तेवढीं उरलीं आहेत. म्हणून हें शेवटचें वाक्य आम्हांस अधिक बोंचलें.

आणि ही गोष्ट केवळ परदेशची नव्हे. आपल्याच महाराष्ट्रांत तारापूर येथें १९६९ पासून ज्या पहिल्या दोन भट्ट्या उभ्या आहेत, त्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीप्रमाणेंच जनरल इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीच्या आराखड्याच्या, उकळत्या पाण्याच्या आहेत.

फुकुशिमानंतर शास्त्रज्ञांनीं विचार केला कीं पंप वाढविणें, भिंती उंच करणें हें तर करावेंच. पण जो धातु ऐन वेळीं उलटतो त्याचेंच कांहीं करतां येईल काय? २०१२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें ह्या कामासाठीं आपल्या ऊर्जाखात्यास आज्ञा दिली. फ्रान्स, जपान, कोरिया, रशिया हेही देश ह्या शोधांत उतरले. पुष्कळ मार्ग सुचले. त्यांतला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कल्हई. झिर्कोनियमची नळी तीच ठेवावयाची, तिच्या बाहेरच्या अंगावर क्रोमियमचा एक थर बसवावयाचा, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा. निर्वात पोकळींत क्रोमियमचे कण उडवून ते नळीवर बसवितात. तापल्यावर क्रोमियम स्वतःचा एक पातळ, घट्ट ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि वाफ आंतल्या धातूपर्यंत पोंचत नाहीं. जें काम कथील आमसुलाच्या साराशीं करतें, तेंच क्रोमियम वाफेशीं करतो. पुतण्याची उपमा वरवरची नव्हती.

हे प्रयोग आतां प्रयोगशाळेच्या बाहेर पडले आहेत. २०१८ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत हॅच येथील चालत्या भट्टींत नव्या जातीच्या नळ्या पहिल्याप्रथम घालण्यांत आल्या. २०१९ सालीं त्याच प्रांतांत व्होगल येथें फ्रामातोम ह्या फ्रेंच कंपनीच्या क्रोमियमच्या नळ्या बसविल्या. आणि २०२१ सालीं मेरीलंडमध्यें कॅल्व्हर्ट क्लिफ्स येथें एक अख्खी जुडी तशा नळ्यांची घातली. ही फ्रामातोम म्हणजे माडबनच्या भट्टीचा आराखडा जिच्या परंपरेंतला ती कंपनी. आणि क्रोमियमच्या थराचें संशोधन तिनें फ्रान्सच्या अणुशक्ति आयोगाबरोबर व ईडीएफबरोबरच केलेलें आहे. म्हणजे जो सोनार आमचा दागिना घडविणार आहे, त्याच्याच दुकानांत ही नवी कल्हई चालली आहे.

दुसरा मार्ग नळीच बदलण्याचा. लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचें मिश्रण वाफेला उत्तम दाद देत नाहीं. परंतु लोखंड न्यूट्रॉन गिळतें हें वर सांगितलेंच, म्हणून नळी फार पातळ करावी लागते व इंधन अधिक तिखट. शिवाय हें मिश्रण सुमारें १,५०० अंशांस वितळतें, तर झिर्कोनियम १,८५० पर्यंत टिकतो. तिसरा मार्ग सिलिकॉन कार्बाइडचा. हा पदार्थ धार लावण्याच्या दगडांत असतो तोच. एरवीं तो कांचेसारखा तडकतो. म्हणून त्याचे तंतू काढून ते विणतात व त्यांत तोच पदार्थ भरतात. काथ्याचा दोर एका तंतूनें तुटत नाहीं, तशी ही नळी एका चिरेनें फुटत नाहीं. उष्णतेपुढें तिच्या तोडीचें दुसरें कांहीं नाहीं. पण तिच्या तोंडाला बूच कसें बसवावें, आणि पाण्यांत ती हळूहळू झिजते तिला काय करावें, हे प्रश्न अद्याप पुरते सुटले नाहींत. बाजारांत येण्यास तिला पुष्कळ अवकाश आहे.

वड्यांचाही विचार चालला आहे. युरेनियमच्या ऑक्साइडमध्यें क्रोमियमच्या ऑक्साइडची चिमूट घातली तर त्याचा दाणा मोठा होतो आणि आंतील वायु अधिक धरून ठेवतो. युरेनियम व सिलिकॉन यांची वडी उष्णता फार चांगली वाहते, पण गरम पाणी लागलें कीं तिचा भुगा होतो. पाण्याच्या भट्टीला हा दोष लहान नव्हे. आणि आपल्या देशाला जवळचा मार्ग म्हणजे थोरियम. युरेनियमचा ऑक्साइड सुमारें २,८५० अंशांस वितळतो, थोरियमचा ३,३०० अंशांच्या आसपास. शिवाय तो आणखी ऑक्सिजन घेतच नाहीं, म्हणून तो अधिक स्थिर. थोरियमयुक्त वाळू केरळच्या किनाऱ्यावर मुबलक आहे. तुर्भ्यास भाभा अणुसंशोधन केंद्रांत ज्या थोरियमच्या भट्टीचा आराखडा झाला, तिच्या डोक्यावर आठ हजार घनमीटर पाण्याचा हौद ठेवलेला आहे. वीज गेली तरी पाणी आपल्या वजनानें खालीं यावें अशी योजना. २००० ते २००९ पर्यंत अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष असलेले डॉ. अनिल काकोडकर हे तिचे मोठे पुरस्कर्ते. ती भट्टी उभी राहिली नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. अलीकडे अमेरिकेंतील एका कंपनीनें थोरियम व समृद्ध युरेनियम यांचें, कैग्यासारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत चालेल असें इंधन योजिलें असून २०२४ सालापासून तें आयडाहो येथील चांचणी-भट्टींत ठेवून पाहत आहेत. त्याचें नांव 'अनील', तें डॉ. काकोडकरांच्या सन्मानार्थ ठेवल्याचें प्रसिद्ध झालें आहे.

हें सर्व दादांना आम्हीं सांगितलें, तेव्हां त्यांनीं शांतपणें विचारलें, "ह्या कल्हईनें मिळतें काय?"

खरें उत्तर असें, कीं वेळ मिळतो. आणि तोही फार नव्हे. क्रोमियम व झिर्कोनियम हे धातु वेगवेगळे असतांना अठराशें अंशांपर्यंत दाद देत नाहींत. पण एकमेकांस चिकटून असले कीं सुमारें १,३३० अंशांसच वितळूं लागतात. कथील व शिसें एकत्र केलें असतां दोघांच्याही आधीं वितळतें, हें डाक देणाऱ्यास ठाऊक असतें. त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां कल्हईची नळी अपघाताच्या पहिल्या टप्प्यांत तग धरते, कमी फुगते, हायड्रोजन कमी सोडते. परंतु पाणी आलेंच नाहीं तर शेवटीं तीही जाते. 'अपघात सोसणारें इंधन' हें नांव ज्यांनीं दिलें त्यांनीं थोडी घाई केली, असें आमचें मत आहे. अपघात लांबविणारें म्हटलें असतें तर अधिक प्रामाणिक झालें असतें.

पण वेळेची किंमत ठिकाणावर असते. फ्रान्समध्यें एका भट्टीस मदत हवी झाली तर रुंद रस्त्यांवरून पंप व यंत्रें घेऊन मंडळी धांवत येतील. आमच्याकडे आषाढांत दरड कोसळली कीं घाट बंद पडतो. खाडीला उधाण, समुद्र खवळलेला, विजेचे खांब आडवे. अशा रात्रीं कोल्हापुराहून माडबनास पंप किती तासांत पोंचेल? नळीनें दिलेला वेळ ह्या तासांशीं ताडून पाहिला पाहिजे. हा हिशेब पॅरिसांत बसून होणारा नाहीं; अणुस्कुऱ्याच्या व फोंड्याच्या घाटांत उभें राहून करावा लागेल. माडबनच्या धर्तीच्या भट्टीला दुहेरी कवच आहे, वितळलेला गाभा धरण्याची खालीं वेगळी जागा आहे, हायड्रोजन हळूहळू शमविणारीं साधनें आहेत, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. त्या बाबतींत ती तारापूर-फुकुशिमापेक्षां पुष्कळ पुढची आहे. तशीच भट्टी चीनमधील तैशान येथें २०१८ पासून चालते. २०२१ च्या जुलैंत तेथील कांहीं नळ्यांना भोंकें पडल्यामुळें ती बंद करून वर्षभरानें पुन्हां सुरू केली. साठ हजारांवर नळ्यांपैकीं सुमारें पांचच बिघडल्या होत्या व त्यांतून अनर्थ कांहीं झाला नाहीं. पण नळी ही किती नाजूक बाब आहे हें त्यावरून दिसतें.

ज्या गोष्टी कल्हईनें मुळींच सुटत नाहींत त्या वेगळ्याच. समुद्रांत सोडलें जाणारें कोमट पाणी तेवढेंच कोमट राहील, आणि नाट्याच्या व विजयदुर्गाच्या मच्छीमारांची तक्रार त्या पाण्याबद्दल आहे. वापरलेलें इंधन कोठें ठेवणार, हा प्रश्नही तसाच. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचें दुःख नळीच्या धातूशीं निगडित नाहीं. पुतण्याला आम्हीं हें बोलून दाखविलें, तेव्हां त्यानें मान्य केलें. एंजिनीयर मंडळी सुटणाऱ्या प्रश्नाकडेच आधीं वळतात, असें तो हंसून म्हणाला.

दादा दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्टीनें परत निघाले. जातांना त्यांनीं पुतण्याकडून एक कागद लिहून घेतला. पुढें कधीं त्या पठारावर जनसुनावणी झाली तर तेथें विचारण्यासाठीं त्यावर दोन ओळी होत्या: आमच्या भट्टींत नळ्या कल्हईच्या येणार कीं साध्या, आणि पाणी तुटल्यापासून नळी फुटेपर्यंत किती मिनिटें, तें आषाढाच्या हिशेबानें सांगा. कागद त्यांनीं आंब्याच्या पावत्यांच्या बटव्यांत ठेवला. आत्याबाईंनीं एक नवी कल्हई केलेलें लहान पातेलें त्यांच्याबरोबर दिलें, वैनींना सारासाठीं म्हणून.